इथे दुखलं पाहिजे

जिन्यात खालच्या मजल्यावरच्या ड्रायव्हरकाकांनी विचारलं, "काय, चिरंजीव परतले वाटतं?" आणि ती "हो" म्हणून मोकळी झाली. एवढंच झालं. एका हातात पाव, दुसऱ्या हातात किल्ल्या, काखेत पर्स, आणि तोंडात हा हो. खोटं बोलायचं असं काही ठरवलं नव्हतं. पुढच्या पायरीवर थांबून ‘नाही हो, गंमत केली’ असं म्हणता आलं असतं, पण गंमत करणाऱ्यांतली ती नव्हती, आणि हे अख्ख्या इमारतीला ठाऊक होतं. काका तर केवढे खूश! जन्मभर बस चालवलेला माणूस; निवृत्त झाल्यापासून दारात खुर्ची टाकून बसायचा आणि जिन्यातली रहदारी बघायचा. "वाटलंच मला," ते म्हणाले. "साडेसहा वाजले की वर टुंगटुंग सुरू. हिला म्हटलंसुद्धा, आला बघ तो." ही म्हणजे त्यांची बायको, कंबरेचं हाड मोडल्यापासून अंथरुणाला खिळलेली. "पूर्वी काय धुमाकूळ घालायचा! आता कसं, थांबून थांबून वाजवतो. समज आली पोराला. हिची साडेसहाची गोळी आता घड्याळावर नाही, त्याच्यावर चालते." "हो ना," ती म्हणाली, आणि हा दुसरा हो पहिल्यापेक्षा सोपा गेला. त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

वर येऊन तिने दार लावलं, कडी घातली आणि कडीवर हात ठेवून थोडा वेळ तशीच उभी राहिली. घरात कुणी नव्हतं. सहा महिने कुणी नव्हतं. मुलाची खोली होती, त्याचं कपाट होतं, कपाटात त्याचे सहा शर्ट होते, आणि खुर्चीला टेकवून ठेवलेली त्याची गिटार होती. टुंगटुंग करत होती ती स्वतः. पाणीपुरवठा खात्याच्या नकाशा विभागातली, बावन्न वर्षांची, सुराशी जन्मात संबंध न आलेली बाई. शाळेत गाण्याच्या तासाला तिला मागच्या बाकावर बसवून नुसते ओठ हलवायला सांगायचे, आणि तीही इमानेइतबारे हलवायची. हे काकांना सांगायला काय हरकत होती? ‘मी वाजवते’, दोन शब्दांचं तर काम. पण मग पुढचा प्रश्न आलाच असता, मुलगा कुठे आहे? आणि त्याच्या पुढचा, का गेला? त्या प्रश्नांपाशी कुणी पोचू नये म्हणून ती सहा महिने जिना खाली मान घालून चढत होती. नवरा गेल्यावर पोराला एकटीने वाढवलं म्हणून हीच माणसं तिच्याकडे आदराने बघायची. त्या आदराची सवय वाईट असते.

का गेला, तर एका वाक्यामुळे गेला. त्या दिवशी त्याची खात्याची परीक्षा होती. साधी परीक्षा, मोजणी विभागातली जागा, तिने तीन वर्षं डोळ्यांत तेल घालून ज्या जागेवर लक्ष ठेवलं होतं ती. अकरा वाजता तिच्या टेबलावरचा फोन वाजला. परीक्षेच्या हॉलवर असलेला सहकारी म्हणाला, मॅडम, तुमच्या मुलाचा बाक रिकामा आहे. ती म्हणाली, ट्रॅफिक असेल. बारा वाजता तिनेच फोन केला. बाक रिकामाच होता. संध्याकाळी सात वाजता हा आला, पाठीवर गिटार, चेहऱ्यावर असा आनंद की तिने तो बघायलाच नको होता. कुठल्याशा कॅफेत त्याला वाजवायला बोलावलं होतं. पंधरा माणसं होती, आई, पंधरा! आणि ती म्हणाली, आवाज न चढवता म्हणाली, "या घरात एक तर ते लाकूड राहील, नाहीतर तू." त्याने लाकडाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग परत लाकडाकडे, आणि म्हणाला, "बरं." अर्ध्या तासात सॅक भरली. तिला खात्री होती, गेलाच तर गिटार घेऊन जाईल आणि महिन्याभरात खिसा रिकामा झाला की परत येईल. तो गेला आणि लाकूड राहिलं. तेवीस वर्षांत पहिल्यांदा कार्ट्याने तिचं शब्दशः ऐकलं, ते हे असं.

पाच महिने तिने कव्हरला हात लावला नाही. मग एका रविवारी धूळ पुसताना आतून आवाज आला, बारीकसा, कुणीतरी घसा खाकरावा तसा. ती इतकी दचकली की हातातलं फडकं पडलं. चेन उघडली. कव्हरच्या खिशात वही होती, त्याच्या किरट्या अक्षरातली. तिला वाटलं होतं वहीत गाणी असतील, एखादी मुलगी असेल, निदान तिच्याविषयी काही वाईटसाईट असेल. निघाले नकाशे. सहा आडव्या रेघा, त्यांवर टिंबं, टिंबांखाली आकडे. नकाशा बघून तिचा जीव भांड्यात पडला. सव्वीस वर्षं ती दुसरं करत काय होती? जमिनीखालचे नळ, झडपा, जोड, कुठला रस्ता कुठून कापतो, हे सगळं तिला रेघांवरून दिसायचं. कार्यालयात तिला मागे ‘नकाशेबाई’ म्हणत, ते तिला माहीत होतं आणि मनातून आवडत होतं. सहा रेघा म्हणजे सहा तारा. आकडे म्हणजे गिटारच्या गळ्यावरच्या पट्ट्यांमधली घरं. पाचव्या घरात पहिलं बोट, आठव्यात करंगळी. यात काय अवघड आहे, ती स्वतःशी म्हणाली, आणि पलंगाच्या कडेला बसून गिटार मांडीवर घेतली. ती इतकी हलकी असेल असं तिला वाटलं नव्हतं.

त्या नकाशावर लिहिलं होतं, ‘ब्लूज स्केल. पाच सूर घरचे, सहावा पाहुणा. पाहुण्यावर मुक्काम करायचा नाही, त्याला हात लावून पुढे जायचं.’ हा पाहुणा दोन ठिकाणी लाल टिंबाने दाखवला होता, तिसऱ्या रेघेवर एक, पाचव्या रेघेवर एक, आणि पाचव्या रेघेवरच्या टिंबाला बाण काढून लिहिलं होतं, ‘इथे दुखलं पाहिजे.’ दोनदा अधोरेखित. तिने ते वाचलं आणि वही मिटली. दुसऱ्या दिवशी कार्यालयातून येऊन परत उघडली. तारा सुरात लावायला फोनमध्ये सोय असते हे तिला विभागातल्या शिकाऊ मुलीने दाखवलं. कशाला हवंय मॅडम, असं तिने विचारलं तेव्हा ‘भाचीसाठी’ असं हिने उत्तर दिलं. भाची नव्हती. म्हणजे खोटं तेव्हापासूनच सुरू झालं होतं म्हणायचं. मग रोज साडेसहा ते साडेसात. वरच्या तारेपासून सुरुवात, एकेक तार खाली. पाच, आठ. पाच, आठ. पाच, सात, आठ. करंगळी म्हणजे घरातलं शेंडेफळ, ऐन कामाच्या वेळी गायब. तार दाबली की खालून नुसती फट्ट, सूर नाहीच. बोटांची टोकं लाल झाली, मग सोलली, मग तिथे टणक घट्टे आले. चार आठवड्यांनी स्केल, म्हणजे ती सगळी सुरांची शिडी, वरून खाली सलग वाजलं आणि तिने खोलीत इकडेतिकडे पाहिलं, कुणी ऐकलं का म्हणून. ऐकलं होतं. खालच्या मजल्यावर.

स्केलनंतर वहीत लिक्स होते. लिक म्हणजे चार-पाच सुरांचा तुकडा. तोंडात बसलेल्या शिवीसारखा हवा तेव्हा निघाला पाहिजे, असं त्यानेच लिहून ठेवलं होतं. गाढव. पहिला लिक प्रश्न विचारायचा, दुसरा उत्तर द्यायचा. ‘प्रश्न झाला की थांब. लगेच उत्तर देऊ नकोस. (माझी खोड.)’ ती खोड कुणाकडून आली होती ते दोघांनाही ठाऊक होतं. तिसऱ्या लिकमध्ये तार नुसती दाबायची नाही, बोटाने वर ढकलायची, म्हणजे सूर चढत चढत पुढच्या सुरापर्यंत जातो. याला बेंड म्हणायचं. ती ढकलायची. तार हलता हलायची नाही. दोन बोटं लावली, तीन लावली, दात आवळले, घट्टा फाटून रक्त आलं, आणि सूर कुठेही गेला नाही. पण बेंडचं तिला इतकं वाईट वाटत नव्हतं. बेंड ताकदीचं काम, ताकद येईल. तिला झोंबत होतं ते लाल टिंब. ती पाच, सहा, सात असं वाजवायची, सहावर क्षणभर रेंगाळायची, कान देऊन बसायची. काही नाही. दुखत नव्हतं. बरा, गुळगुळीत, साधा सूर. त्या कार्ट्याला जिथे दुखत होतं, दोनदा अधोरेखित करण्याइतकं दुखत होतं, तिथे तिला काहीच होत नव्हतं.

हे तिच्या डोक्यात बसलं. फाइल चाळताना, रांगेत उभी असताना, दात घासताना, सहावा सूर मनात वाजवून बघायची आणि वाट बघायची. तिला नवरा गेला तो दिवस आठवला. दवाखान्याच्या व्हरांड्यात ती उभी होती, परिचारिका काहीतरी सांगत होती, आणि हिने पर्समधून पेन काढलं आणि विचारलं, सही कुठे करायची? नंतर सगळे म्हणाले, किती खंबीर. नणंद म्हणाली, वहिनी, रडून घ्या हो, आणि ही म्हणाली, घेते ना, आधी पोराला जेवायला वाढते. तेव्हा दहा वर्षांचा होता तो. तो बघत होता तिच्याकडे, हे तिला आता आठवत होतं. भात कालवून तसाच ठेवला होता आणि एकटक बघत होता, आई कधी रडते म्हणून. ती रडली असती तर त्यालाही रडता आलं असतं. आणि तो घर सोडून गेला त्या संध्याकाळी? त्याने जेवायला घेतलेलं ताट तसंच होतं. तिने ते उचललं आणि घासायला घेतलं. दुसऱ्या दिवशी वेळेवर कार्यालयात. म्हणजे हे आजचं नव्हतं. कुठेतरी आत झडप बंद झाली होती आणि ती कुठल्या रस्त्याखाली आहे ते नकाशेबाईला सापडत नव्हतं. बाई गं, तिला वाटलं, मला दुखतच नाही की काय?

कार्यालयात आणखी एक तमाशा झाला. सकाळी दारातल्या हजेरीच्या यंत्रावर बोट टेकवायचं असतं. नोंदणीच्या दिवशी तिच्या उजव्या हाताला भाजलं होतं म्हणून डाव्या हाताची तर्जनी नोंदवली होती, आणि आता त्या तर्जनीच्या टोकाला दगडासारखा घट्टा होता. यंत्र म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा. पुन्हा केला. पुन्हा प्रयत्न करा. मागे रांग. मोजणीदार म्हणाला, "मॅडम, सव्वीस वर्षं झाली, आता हेपण तुम्हाला ओळखेना!" सगळे हसले, तीही हसली, आणि हसता हसता बोट पदराला पुसून परत टेकवलं. लाल दिवा. शिपायाने वहीत सही करायला सांगितली. दिवसभर ती अंगठ्याने त्या बोटाचं टोक चाचपत राहिली. कागदाची कड लागत नव्हती, टाचणी लागत नव्हती. गरम चहाचा पेला धरला तर तो गरम आहे हे दुसऱ्या बोटांनी सांगितल्यावर कळायचं. दुपारी शिकाऊ मुलीने झडपेचा नकाशा उलटा धरून भलत्याच रस्त्यावर खूण केली, तेव्हा ती एरवी ओरडायची त्याच्या दुप्पट ओरडली. मुलगी रडायला लागली. किती चटकन रडतात ही पोरं, तिला वाटलं, आणि हेवा वाटला. खरंच हेवा वाटला.

तिकडे जिन्यातला तो हो पोसत बसावं लागत होतं. काका विचारायचे, "दिसत कसा नाही?" ती म्हणायची, रात्रपाळी. पहाटे येतो, दिवसभर झोपतो, वाजवतो आणि जातो. "सात-साडेसातला मी हिला भरवत असतो आत. काय योग बघा, गाठच पडत नाही." काय योग! एक दिवस ते म्हणाले, "कपडेबिपडे वाळत दिसत नाहीत त्याचे," नुसतं बोलायचं म्हणून बोलले असतील. दुसऱ्या दिवशी तिने कपाटातले सहाही शर्ट काढले, धुतलेलेच होते ते, परत धुतले आणि मागच्या गॅलरीत दोरीवर घातले. मग दर आठवड्याला. धुवायचे, पिळायचे, बाह्या झटकून वाळत घालायचे, इस्त्री करून ठेवायचे. पहिल्यांदा धुतले तेव्हा कॉलरला त्याचा वास होता. तिसऱ्या धुण्यात गेला. तेव्हा ती नळाखाली हात धरून उभी राहिली आणि तिला कळलं की काकांना फसवण्याच्या नादात घरात त्याचं जे उरलं होतं तेही आपण धुऊन टाकलं. तरी पुढच्या आठवड्यात परत धुतले. काय करणार?

आणि मग तो आला. सहा वाजून दहा मिनिटं झाली होती, ती नुकतीच येऊन गिटार मांडीवर घेऊन बसली होती, अजून तारेला हात लावायचा होता. बेल वाजली. काका असतील म्हणून तिने दार उघडलं तर हा. केस बारीक कापलेले, खांदे रुंद झालेले, डोळ्यांखाली काळं. "येऊ आत?" त्याने विचारलं. "विचारतोस काय?" ती म्हणाली, आणि आवाज नेहमीसारखाच कोरडा निघाला. तो दारातच चपला काढून बाजूला नीट लावून उभा राहिला. पूर्वी कधी लावल्या नव्हत्या.

"शाळा सोडल्याचा दाखला हवा होता," तो म्हणाला. "गोदामात कायम करतायत. कागद लागतात."

तिने फाइल काढली. त्याच्याकडे पाठ करून ती पानं उलटू लागली.

"खाली काका भेटले," तो मागून म्हणाला. "म्हणाले, दोन महिने झाले येऊन आणि एकदा तोंड दाखवलं नाहीस. म्हणाले, रात्रपाळी सोड बाबा, तब्येतीची वाट लागेल."

ती पानं उलटत राहिली.

"तू सांगितलंस, मी आलोय म्हणून?"

"तोंडातून गेलं."

"दोन महिने तोंडातून जातंय?" तो गॅलरीच्या दारापाशी गेला. दोरीवर सहा शर्ट होते. त्याने ते मोजून पाहिले. मग न वळता म्हणाला, "मग? कसा आहे मी?"

"बरा आहेस. वेळेवर येतोस. उलट उत्तर देत नाहीस."

"जेवतो?"

"जेवतोस."

तो हसेल असं तिला वाटलं, पण तो हसला नाही. "आणि वाजवतो म्हणे. सुधारलोय म्हणे." तो वळला. पलंगावरची गिटार त्याने आत्ता पाहिली, शेजारची उघडी वहीही. "कोण वाजवतं, आई?"

तिने डावा हात पुढे केला. दुसरं काय करणार? त्याने तिची बोटं धरली, एकेका टोकावरून अंगठा फिरवला, आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. त्याच्या अंगठ्याचा स्पर्श तिला घट्ट्यांवर कळत नव्हता, पण त्याचा हात उलटा करून तिने त्याची बोटं पाहिली. मऊ. तळहातावर खोकी उचलल्याचे फोड, आणि बोटांची टोकं लहान मुलासारखी मऊ.

"सोडलं मी ते," तो म्हणाला. "गेल्यापासून हात लावला नाही. कायम व्हायचं म्हणजे पाळ्या कराव्या लागतात. तूच तर म्हणत होतीस."

म्हणजे ती जिंकली होती. मुलगा मार्गाला लागला होता, कायम होणार होता, दाखला न्यायला आला होता. तीन वर्षं तिने हेच मागितलं होतं. दाखला टेबलावर ठेवून ती पलंगावर बसली.

"वाजव," तो म्हणाला. तो अजून उभाच होता.

तिने स्केल वाजवलं. वरची तार, पाच, आठ. दुसरी. तिसऱ्या तारेवर त्याच्या कपाळाला आठी पडली. शेवटच्या तारेपर्यंत ती गेली आणि थांबली. "परत," तो म्हणाला. तिने परत वाजवलं. मग लिक. तो खाली बसला, अगदी तिच्या गुडघ्यापाशी, जमिनीवर. "हे कुठलं आहे? कुणी शिकवलं?"

"तुझ्याच वहीतलं. नकाशावरून."

"वरची रेघ म्हणजे कुठली तार?"

"वरची." तिने जाड तारेवर बोट ठेवलं.

तो तिच्या बोटाकडे बघत राहिला. "अगं आई! वरची रेघ म्हणजे खालची तार. बारीक. सगळं उलटं वाचलंस तू."

"असं कोण काढतं? वरचं ते वर, खालचं ते खाली."

"सगळं जग असंच काढतं. पहिल्या पानावर लिहिलं होतं मी."

"पहिलं पान नाहीये."

"कुठे गेलं?"

"मी फाडलं होतं. नळवाल्याला पत्ता लिहून द्यायला. तू असतानाच."

आता मात्र तो हसला. जमिनीवर आडवा व्हायचा बाकी राहिला. पाणीपुरवठ्याची नकाशेबाई, घरचा नळ गळतोय आणि नकाशा उलटा, असं काहीबाही म्हणत, डोळे पुसत हसला, आणि तीही हसू लागली, अंग हलवून, लाज सोडून. "पहिली आणि सहावी तार एकाच सुराच्या असतात," तो म्हणाला, "म्हणून तुला पत्ता लागला नाही. मधल्या चारही चुकल्या. बेंड कुठे करायचीस?" तिने दाखवलं. "ह्या तारेवर? ही गुंडाळलेली तार आहे! बोट फाटेल."

"फाटलं होतं."

त्याचं हसू थांबलं. तो उठून शेजारी बसला, तिच्या मागून हात घातला आणि तिचं पहिलं बोट उचलून दुसऱ्या जाड तारेवर, पाचव्या घरात ठेवलं. "पाच. आता सहा. थांबू नकोस. सात." तिने वाजवलं. परत एकदा. आणि सहावर, त्या एवढ्याशा वेळात, सूर आधीच्या सुरावरही नव्हता आणि पुढच्यावरही नव्हता, मध्येच कुठेतरी, पाय टाकावा आणि पायरी नसावी तसा. तिने तिसऱ्यांदा वाजवलं आणि ती रडली. शहाण्यासारखं नाही, नाकातोंडातून, आवाज करून, गिटारीवर टिपं गाळत. व्हरांडा, पेन, सही, ताट, सगळं एकदम आलं. तिला पदर सापडेना तर त्याने शर्टाची बाही पुढे केली.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "त्या दिवशी मी बोलायला नको होतं तसं."

तो वहीच्या कोपऱ्याशी चाळा करत होता. "मला वाटलं तू थांबवशील. मी जिना हळू उतरलो."

"मी ताट घासत होते."

"ऐकू येत होतं," तो म्हणाला.

मग त्याने गिटार घेतली आणि तोच प्रश्नाचा लिक वाजवला. तिच्या तीन महिन्यांच्या मेहनतीत तो कधी असा वाजला नव्हता. उत्तराला त्याने तार ढकलली, सूर चढला, अर्ध्यात सुटला. त्याने हात झटकला आणि बोट तोंडात घातलं. "गेली माझी बोटं," तो म्हणाला. ती म्हणाली, येतील परत, घेऊन जा हिला. तो म्हणाला, एका खोलीत चौघं आहोत, कुठे ठेवू? आणि मग दाखला, सॅक, चपला. तिला काय काय बोलायचं होतं, पण तो चपला घालत होता आणि तिने फक्त, येते मी खालपर्यंत, असं म्हटलं.

काकांनी दार उघडंच ठेवलं होतं. "वा वा, आज गाठ पडली खरी!" ते खुर्चीतून उठले. "शेवटी ते काय वाजवलंस रे? ही म्हणाली, कुणीतरी रडतंय असं वाटलं. आणि आता निघालास? पाळीला? ये, ये. उद्या साडेसहाला ऐकतोच आम्ही."

मुलगा तिच्याकडे बघून, अगदी किंचित, मान हलवत होता. तिला ते कळलं. तो सांभाळून घेणार होता. ‘हो काका, येतो’ एवढंच म्हणणार होता, आणि मग तिला आणखी वर्षभर कुणी काही विचारलं नसतं. त्याने तोंड उघडलंसुद्धा.

"तो इथे राहत नाही, काका," ती म्हणाली. "आलाच नव्हता तो. मी घालवून दिलं त्याला, आठ महिने झाले. वाजवत होते ती मी. मी खोटं बोलले तुमच्याशी."

काकांनी खुर्चीची पाठ धरली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "काय रे? खरं?"

मुलगा दोन पायऱ्या खाली होता. त्याने सॅकचा पट्टा खांद्यावर सरकवला. "हो," तो म्हणाला. "घालवलं." आतून काकांच्या बायकोने, कोण आहे हो, असं विचारलं. खरं सांगून टाकल्यावर हलकं वाटेल असं तिला वाटलं होतं, पण वाटलं नाही. कठड्यावर ठेवलेला हात तिला स्वतःचा वाटत नव्हता. तो उतरू लागला. अर्ध्या जिन्यात, वळणावर, तो थांबला. वर बघितलं नाही त्याने; भिंतीकडे बघत म्हणाला, "शनिवारी मला अर्धा दिवस असतो."

आणि खाली गेला. ती कठडा धरून, त्याची पावलं रस्त्याच्या आवाजात मिसळेपर्यंत उभी राहिली. त्या दिवशी मंगळवार होता.